पंचाची खुर्ची

पंचाने खोटे बोलायचे नाही, हा त्या खेळाचा पहिला नियम होता आणि धनश्रीने तो मला तीन वेळा समजावून सांगितला.

"बाकी सगळ्यांना खोटं बोलायची मुभा आहे, आजोबा. खुन्याला तर बोलावंच लागतं. पण पंचाला जे विचारलं जाईल, त्याचं उत्तर त्याने खरंच द्यायचं. लक्षात राहील ना?"

"बाळ, सहाव्या वर्षी पाठ केलेले मला अजून मुखोद्गत आहे," मी म्हणालो. "तुझा एक नियम राहणार नाही का?"

एरवी ती हसली असती. त्या दिवशी हसली नाही.

रविवारी माझ्या मुलाचा, योगेंद्रचा, पन्नासावा वाढदिवस होता. धनश्री ही त्याची एकुलती एक कन्या. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडिलांना मोटारींच्या शर्यतींचे वेड, म्हणून तिने इंटरनेटवरून हा खेळ शोधून काढला होता. शर्यतीच्या मैदानावर एका संघाचा मालक मेलेला आढळतो. पाहुण्यांपैकी प्रत्येकाला एकेक चिठ्ठी मिळते. आपण कोण, त्या वेळी कोठे होतो, काय लपवतो आहोत, ते तीवर लिहिलेले असते. खात-पीत एकमेकांना प्रश्न विचारायचे आणि खुनी शोधून काढायचा. मला तिने शर्यतीचा पंच केले होते. पंचासाठी एक उंच खुर्ची मांडली होती. ती आमच्या स्वयंपाकघरातली, माळ्यावरचे डबे काढण्याची.

मनुष्यवधाचा खेळ करावा, हे माझ्या संस्कारांत बसणारे नव्हते. तरी मी हो म्हटले. वृद्धाला घरात कोणी काही काम सांगितले की तो फार चौकशी करीत नाही.

माझे नाव सुकदेव. बालपण नाशिकच्या एका वेदपाठशाळेत गेले. तेथे नुसते पाठ असून भागत नसे. पदे जोडीने पुढे म्हणायची, तीच उलट मागे न्यायची, पुन्हा पुढे आणायची, अशी वीण घालीत म्हणावी लागत. एक स्वर चुकला तर आमचे गुरुजी डोळे न उघडता बोट वर करीत, आणि सारे पहिल्यापासून म्हणावे लागे. पुढे पोटासाठी खानदेश सोडला व सुरतेच्या एका मराठी शाळेत बत्तीस वर्षे संस्कृत शिकवले. धनश्री चार वर्षांची असताना गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसवून मी तिला तोच खेळ शिकवला होता. वार उलटे, महिने उलटे, आणि तिच्या सर्वांत आवडीचे म्हणजे गावाकडे जाताना लागणारी स्टेशने उलटी: जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर. ती चुकली की मी बोट वर करी. मी मुद्दाम चुकलो की ती करी.

खेळानंतरच्या मंगळवारी न्यायालयात माझी साक्ष होती. ती कशाची, हे आधी सांगितले पाहिजे.

दीड वर्षापूर्वी सुरतेजवळ कामरेजला एका स्नेह्याच्या वास्तुशांतीला मी गेलो होतो. न्यायला-आणायला योगेंद्र आला होता. गाडी नवी होती; घेऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. आमचा चालक मारुती हा परभणीकडचा, सहा फूट उंच, मितभाषी माणूस. आमच्या घरी अकरा वर्षे होता. परतीच्या वाटेवर योगेंद्रने त्याला बाजूच्या सीटवर बसवले आणि स्वतः गाडी हाती घेतली. मी मागे होतो. मांडीवर वास्तुशांतीचा नारळ होता. ऊन कलले होते. एका पांढऱ्या गाडीने कर्कश हॉर्न देऊन आम्हाला मागे टाकले आणि तो हॉर्न योगेंद्रच्या जिव्हारी लागला. त्याने गाडी पळवली. दोघांत शर्यत लागली. त्या पांढऱ्या गाडीला आम्ही गाठून मागे टाकले, तेव्हा योगेंद्र आरशातून माझ्याकडे पाहून म्हणाला, "बघितलं बाबा?" आणि मी हसलो. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मला आनंद झाला होता.

पुढच्याच वळणावर सायकलवरून एक माणूस चालला होता. वाल्मिक त्याचे नाव. कडोदऱ्याच्या कोणत्याशा कारखान्यात मागावर काम करी आणि पाळी संपवून घरी निघाला होता. धक्का बसला तेव्हा माझ्या मांडीवरचा नारळ उसळून पुढे गेला आणि योगेंद्रच्या पायांशी घरंगळला. बाहेर त्या माणसाचा जेवणाचा डबा रस्त्यावर कितीतरी वेळ गरगरत होता.

योगेंद्र मारुतीला म्हणाला, "तू ये इकडे. किरकोळ केस आहे, जामीन लगेच होतो. मी आहे ना." मारुतीने मागे वळून माझ्याकडे पाहिले. "गुरुजी?" एवढेच तो म्हणाला. मी म्हणालो, "ऐक त्याचे."

पोलिसांनी मला विचारले, गाडी कोण चालवत होते? मी सांगितले, मारुती. बत्तीस वर्षे मुलांना सत्याविषयी जे काही शिकवले, ते त्या एका नावापुढे कोठे गेले, ते मला कळले नाही. नवव्या दिवशी वाल्मिक इस्पितळात वारला. किरकोळ केस किरकोळ राहिली नाही. मारुती घाबरून खरे सांगू लागला, परंतु त्याचे स्वतःचे पहिले म्हणणे, योगेंद्रचे आणि माझे, अशी तीन म्हणणी कागदावर होती. त्याचा परवाना गेला. जामिनावर सुटून आल्यापासून तो कापडबाजारात डोक्यावरून कापडाचे तागे वाहतो.

खेळाच्या आदल्या गुरुवारी त्याची बायको तारा आमच्या दारी आली होती. माझी सून योगिता तिला दारातूनच परत पाठवीत होती. मी आतल्या खोलीत जपाला बसलो होतो. माळ हातात होती, पण मोजणी थांबली होती.

"वैनी, मला काय बी नको," तारा म्हणत होती. "निस्तं गुरुजींना येवढं इचारा. आमचे हे सहा फूट. त्या दिवशी गाडीची शीट पार स्टेअरिंगला चिकटल्याली व्हती. ह्यांचं गुडघं मावतंय व्हय तितं? कुनी बघितलं का? कुनी लिवून घेतलं का?"

"वकिलाला सांग हे," योगिता म्हणाली. "आम्हाला काय सांगतेस?"

"वकील म्हन्तो, गुरुजींच्या शब्दापुडं शिटाचं काय चालतंय!"

दार लागले. त्यानंतर गॅलरीतून धनश्रीचा आवाज आला. ती वाकून खाली बोलावीत होती, "तारामावशी, थांबा. मी येते खाली."

म्हणजे मला ठाऊक होते. खेळ कशासाठी मांडला आहे हे मला कळलेच नाही, असे म्हणण्याची सोय मला नाही.

रविवारी चार वाजता दिवाणखान्याचे मैदान झाले. योगेंद्रच्या कापडाच्या कारखान्यातल्या कोऱ्या कापडावर धनश्रीने काळे चौकोन रंगवून शर्यतीचे झेंडे केले होते. घरातली आणि शेजारची सगळी हेल्मेटे फडताळावर ओळीने मांडली होती. मध्यभागी एका लोडाला योगेंद्रचा जुना सदरा आणि टोपी घालून निजवले होते. तो मेलेला मालक. माझी पत्नी शोभाबाई भरताची वांगी भाजता भाजता बाहेर आली आणि लोड पाहून दारातच थबकली. खानदेश सोडून पन्नास वर्षे झाली, तरी तिच्या तोंडची अहिराणी सुटलेली नाही.

"घरमा मुडदा मांडतस का कोनी? तेबी वाढदिवसले?"

"आजी, लोड आहे तो."

"लोड शे तं सदरा मन्हा पोऱ्याना कसाले घाला?"

तिने आत जाऊन देव्हाऱ्यातले गंगोदक आणले आणि लोडावर शिंपडले. योगेंद्र पोट धरधरून हसला. लाल रंगाचे जाकीट घालून तो बसला होता, कारण त्याच्या चिठ्ठीप्रमाणे तो सर्वांत वेगवान शर्यतपटू होता.

पाहुणे मोजकेच होते. कडोदऱ्याला आमच्या कारखान्याला लागून ज्यांचे माग आहेत ते हसमुखभाई आणि त्यांच्या पत्नी, आणि ललित. ललित हा योगेंद्रचा बालमित्र व वकील. शाळेत माझ्याच वर्गात होता; त्याचे पाठांतर उत्तम होते, अर्थाकडे मात्र तो कधी फारसे पाहत नसे. तो आला तो नेहमीप्रमाणे माझ्या पायांवर डोके ठेवून.

"काय गुरुजी, पंच झालात म्हणे! मंगळवारची रंगीत तालीम का?"

"जिभेला हाड नाही तुझ्या," योगिता म्हणाली. तिची चिठ्ठी मालकाच्या विधवेची होती. तिने कपाळावरची टिकली काढायला मात्र नकार दिला होता.

खेळ सुरू झाला. सगळे लहान मुलांसारखे रंगून गेले, हे कबूल केले पाहिजे. हसमुखभाई यंत्र दुरुस्त करणारे कारागीर झाले होते आणि प्रत्येक प्रश्नाला "मने शुं खबर, हुं तो गाडी नीचे सूतो हतो", मला काय ठाऊक, मी तर गाडीखाली निजलो होतो, असेच म्हणत होते. त्यांच्या पत्नी वार्ताहर होत्या. त्या प्रत्येकाला लग्न कधी झाले तेच विचारीत. ललित शर्यतीचा डॉक्टर होता. वकिली सवयीने तो साक्षीदारांवर असा तुटून पडे की योगिता दोनदा खरोखरच रडकुंडीला आली. शोभाबाईचे भरीत आणि कळण्याच्या भाकऱ्या आल्या, हसमुखभाईंनी आणलेला गरमागरम सुरती लोचो आला. मी खुर्चीवर बसून होतो. मला अजून कोणी काही विचारले नव्हते.

तासाभराने धनश्रीने टाळी वाजवली. "आता शेवटचा पुरावा. ऐका. मालकाचा मृत्यू विषाने झालेला नाही. त्याला गाडीने उडवलं. गाडीत दोन माणसं होती: शर्यतपटू आणि त्याचा उंच मदतनीस. दोघंही म्हणतात, दुसरा चालवत होता." तिने हातातली चिठ्ठी जवळ धरली. "गाडी सापडली तेव्हा चालकाची सीट पुढे ओढलेली होती. पार स्टेअरिंगपर्यंत."

"आरे, तो तो सहेलुं छे!" हसमुखभाई म्हणाले. "जो ठेंगणा, तो चोर. उभे राहा सगळे! योगेंद्रभाई, उभे राहा, मापून पाहू!"

सर्व हसले. योगेंद्र साडेपाच फूटही नाही. तो हसत हसतच अर्धा उठला होता. पुन्हा खाली बसला. लाल जाकिटाची चेन त्याने गळ्यापर्यंत ओढली.

"हा मूळ खेळातला पुरावा आहे का गं?" ललितने विचारले. त्याचा आवाज अगदी मऊ होता.

"मी थोडा बदलला," धनश्री म्हणाली. "पण सीटवरून कोणाला फासावर चढवता येत नाही. म्हणून आता पंचांना विचारायचं. पंच मागेच बसलेले होते, त्यांनी सगळं पाहिलं. आणि पंच खोटं बोलत नाहीत, हा नियम सगळ्यांनी मान्य केलाय." तिने एक बंद लखोटा माझ्या हाती दिला. "उत्तर आत आहे, आजोबा. वाचा. गाडी कोण चालवत होतं?"

मी लखोटा फोडला. आतला कागद कोरा होता.

मी तो उलटून पाहिला. मागची बाजूही कोरी होती. मग मी धनश्रीकडे पाहिले. तिचे दोन्ही हात पाठीमागे होते आणि डोळ्यांत पाणी होते. परीक्षकाच्या डोळ्यांत पाणी नसते. ते मूल उत्तराची भीक मागत होते.

त्या खुर्चीवरून मला सगळ्यांचे माथे दिसत होते. मी म्हणालो, "योगेंद्र."

हसमुखभाईंनी जोरात टाळी वाजवली. "वाह पंचसाहेब! सगा दीकराने ज, सख्ख्या मुलालाच पकडून दिलंत! आने कहेवाय न्याय!"

"बाबा, त्यांचं नाव घ्यायचं नसतं, खेळातलं नाव घ्यायचं," योगिता घाईघाईने म्हणाली. "शर्यतपटू म्हणा."

पण माझी वाणी सुटली होती. दीड वर्ष गळ्यात अडकलेले होते ते एकाएकी बाहेर येऊ लागले, आणि ज्या माणसाने आयुष्यभर पदे क्रमाने म्हटली, त्याचा क्रमच सुटला. "पांढरी गाडी पुढे गेली म्हणून त्याने वेग वाढवला," मी म्हणालो. "मारुती बाजूला होता. नारळ माझ्या मांडीवर होता. तो पुढे गेला, ह्याच्या पायांशी. तो डबा फिरत होता. मी हसलो होतो."

"रेसमां नारियेळ?" हसमुखभाईंच्या पत्नी हसू दाबीत म्हणाल्या. "दादाने शुं थयुं, काय झालं यांना?"

कोणीतरी पुन्हा हसले. मग त्यांच्यातल्या एकेकाच्या लक्षात आले की मी हसत नाही. आणि तेव्हा योगेंद्र उठला. तो रागावला नाही. त्याने माझ्या खांद्यावर इतक्या प्रेमाने हात ठेवला की मलाच भरून आले.

"बाबांचं असं होतं हल्ली," तो पाहुण्यांना म्हणाला. "त्या अपघाताचा धक्का बसलाय त्यांना. टीव्हीवरचं आणि घरातलं एक करतात. परवा मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारली."

हे असत्य होते. पण ते इतक्या सहजतेने आले की त्याच्या भावी उपयोगाची कल्पना त्यालाही त्या क्षणी नसावी. ललितला होती. तो पुढे झाला, माझ्यासमोर गुडघे टेकून बसला, माझे हात हाती घेतले आणि सर्वांना ऐकू जाईल असे विचारले, "गुरुजी, आज वार कोणता?"

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. वार मला ठाऊक होता. तिथी, नक्षत्र, योग, करण सारे ठाऊक होते. परंतु ज्याला मी शब्द चालवायला शिकवले तो मला वार विचारतो आहे, ह्या अपमानाने माझी जीभ टाळ्याला चिकटली. ललितने हसमुखभाईंकडे पाहून हळूच मान हलवली. हसमुखभाईंनी, ते सज्जन गृहस्थ आहेत, डोळे पुसले.

पाहुणे लवकर गेले. केक कापायचा राहून गेला. शर्यतीच्या मैदानाच्या आकाराचा होता तो, दोन छोट्या गाड्या त्यावर तशाच उभ्या होत्या.

धनश्री माझ्यापाशी गॅलरीत आली. खाली कॅनॉलच्या रस्त्यावरून वाहने जात होती.

"आजोबा, चुकलं का माझं?"

"नाही."

"मंगळवारी हेच सांगाल? तिथे?"

"सांगेन."

"मग पप्पांचं काय होईल, ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी वाचलंय सगळं. तरी सांगाल?"

"सांगेन, बाळ."

तिने माझ्या गुडघ्यावर डोके ठेवले. ती रडली की काय ते मला समजले नाही. माझ्या मनाला त्या घटकेला जे स्वास्थ्य लाभले होते, ते पाठशाळेत पहिला अध्याय निर्दोष म्हणून झाल्यावर लाभले होते, त्यानंतर त्या दिवशीच.

ते स्वास्थ्य जेवणापर्यंत टिकले. पानावरून उठलो तेव्हा योगेंद्र आणि ललित माझ्या खोलीत बसले होते. ललित निघून गेला होता असे मला वाटले होते.

"गुरुजी, मी सरळ बोलतो," ललित म्हणाला. "मंगळवारी तुम्ही उभे राहिलात आणि आजच्यासारखं बोललात, तर मारुती सुटेल. आणि योगेंद्र आत जाईल. आधी खोटं सांगितलं म्हणून तुम्हालाही विचारतील. या वयात."

"मला भय नाही."

"ते माहीत आहे मला. म्हणून दुसरा मार्ग सांगतो. तुम्ही खोटं बोलूच नका. एक अक्षरही नाही." तो थोडा पुढे सरकला. "उद्या सकाळी एका डॉक्टरांची वेळ घेतली आहे. स्मरणशक्ती तपासतात. त्यांनी लिहून दिलं की तुमची स्मृती आता भरवशाची नाही, की सरकारी वकील तुम्हाला बोलावणारच नाहीत. आज चार माणसांनी पाहिलंच आहे. तुम्ही खरं बोललात, खोटं बोललात, प्रश्नच येत नाही."

"मग मारुती?"

"त्याचा वकील बघेल," योगेंद्र म्हणाला. इतका वेळ तो खाली पाहत होता. आता त्याने माझ्या पायांवर डोके ठेवले. तो रोज सकाळी ठेवतो. कारखान्याला जाण्याआधी, गेली तीस वर्षे, एकही दिवस न चुकता. "बाबा, त्या दिवशी तुम्ही गाडीत नसतात तर मी गाडी इतकी पळवलीच नसती. तुम्हाला दाखवायचं होतं मला. तुम्ही कधी कशाला बरं म्हटलं नाहीत हो. त्या दिवशी हसलात."

त्याचे कपाळ माझ्या पायांवर तसेच टेकलेले होते.

ते दोघे गेले आणि शोभाबाई येऊन पलंगाच्या कडेला बसली. साठ वर्षांच्या संसारात तिने माझ्यापाशी मागितलेल्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

"तारानं माले बी सांगं," ती म्हणाली. "मन्हा जीव तुटस तिन्हासाठे. पन तुम्ही एक सबद बोलनात ना, तं मन्हा पोऱ्या गया." मग तिने विचारले, "तुम्हले सगळं याद शे ना?"

"आहे."

"मंग इसरी जा," ती म्हणाली आणि दिवा मालवला.

सोमवारी सकाळी दहा वाजता आम्ही डॉक्टरांकडे गेलो. योगेंद्र, ललित आणि मी. धनश्री महाविद्यालयात गेली होती, असे मला सांगण्यात आले. डॉक्टर तरुण होते, चेहऱ्याने प्रामाणिक. त्यांना ह्या साऱ्याची काही वार्ता नसावी. त्यांनी योगेंद्रला आणि ललितला बाहेर बसवले व दार लोटून घेतले. ते गुजराती, पण माझ्यासाठी सावकाश हिंदीत बोलत होते. त्यांनी माझे नाव विचारले, ते मी सांगितले. गावाचे नाव विचारले, ते सांगितले. टेबलावर घड्याळ, किल्ली आणि पेन ठेवून ते झाकले आणि काय काय होते ते विचारले. मी तिन्ही सांगितली. त्यांनी कागदावर खुणा केल्या. बरोबरच्या खुणा, त्या मला उलट्या बाजूनेही ओळखता आल्या, आयुष्यभर केल्या आहेत.

माझ्या मनात तेव्हा काहीही ठरलेले नव्हते, हे मी शपथेवर सांगतो, जर माझ्या शपथेला आता काही मोल असेल तर. धनश्रीला दिलेला शब्द मनात होता. पायांवर टेकलेले कपाळही होते. वाटत होते, उत्तरे आपोआप येतील आणि जे व्हायचे ते होईल. विद्येने जे दिले आहे ते लपणार कसे?

"बहुत अच्छा, दादा," डॉक्टर म्हणाले. "अब हफ्ते के दिन उलटे बोलिए. रविवार से शुरू कीजिए."

दार किंचित उघडले. बाहेर बसलेल्या योगेंद्रची दाराकडे पाठ होती, त्यामुळे त्याला दिसले नसावे. फटीत धनश्री उभी होती. खांद्यावर वह्यांची पिशवी, धावत आल्यामुळे छाती भात्यासारखी हलत होती. तिने प्रश्न ऐकला होता. तिच्या तोंडावर हसू आले, अगदी चार वर्षांच्या मुलीचे. सगळ्या प्रश्नांत नेमका हाच प्रश्न यावा, ह्याचा तिला आनंद झाला होता. आता मला कोणी वेडा ठरवू शकणार नाही, अशी तिची खात्री झाली.

"रविवार," मी म्हणालो. "शनिवार. शुक्रवार. गुरुवार."

आणि मी थांबलो.

पुढचा शब्द जिभेवर आलेला होता. तो तेथेच मी धरून ठेवला. दहा हजारांवर पदे ज्या कंठाने उलटसुलट नेली-आणली, त्याला एक वार गिळायला फारसे कष्ट पडले नाहीत. मी डॉक्टरांच्या टेबलावरील किल्लीकडे पाहत राहिलो.

"कोई बात नहीं. समय लीजिए."

मी समय घेतला. घड्याळाचा काटा फिरत होता.

"बुधवार, आजोबा," दारातून धनश्री म्हणाली.

डॉक्टरांनी मागे वळून तिला हाताने थांबवले. "प्लीज, आप मत बताइए. उनको खुद बोलने दीजिए."

तिने ऐकले नाही. ती माझ्याकडेच पाहत होती. तिचे हसू अजून पुरते गेलेले नव्हते. मी मुद्दाम चुकत असे तेव्हा ती अशीच वाट पाही. मग तिने सावकाश उजव्या हाताचे बोट वर केले.

मी मान फिरवली. डॉक्टरांनी कागदावर खूण केली, आणि ती कोणती, हे मला उलट्या बाजूनेही ओळखता आले.